एकेचाळीस पेपरांतला व्हेनेझुएला

“सर, या गठ्ठ्यात सगळ्यांनी व्हेनेझुएला लिहिलंय,” असं म्हणत कोळेकर मॅडमनी उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर ठेवल्या.

मी हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसलो असेन. “व्हेनेझुएला? कुणी शिकवलं बाबा यांना?” हेही जरा मोठ्यानेच म्हणालो. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले.

हे घडलं कॅप सेंटरमध्ये. परीक्षा झाल्यावर सगळ्या कॉलेजांचे पेपर एका ठिकाणी आणून तपासतात, त्याला आम्ही कॅप म्हणतो. विद्यार्थ्याचं नाव, नंबर, कॉलेज, सगळं झाकलेलं असतं. वर फक्त बारकोड. पेपर तपासतो तो एक्झामिनर. त्याने तपासलेल्यांपैकी काही पेपर पुन्हा पाहतो तो मॉडरेटर. मी सोलापुरात सव्वीस वर्षं इतिहास शिकवतो आणि गेल्या मे महिन्यात मॉडरेटर होतो. कोळेकर मॅडम एक्झामिनर होत्या. अक्कलकोटकडच्या, नोकरीचं दुसरंच वर्ष, आणि प्रत्येक ओळ वाचणाऱ्या. अशी माणसं कॅपमध्ये कमी असतात.

प्रश्न दहा मार्कांचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेने बाहेर साम्राज्य कसं वाढवलं आणि घरात सुधारणा कशा केल्या? ज्यांचा विषय हा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या काळात अमेरिकेत रेल्वे आणि तेल मूठभर कंपन्यांच्या हातात गेलं होतं. सरकारने कायदा लावून त्यातल्या काही फोडल्या. कारखान्यात मांस कसं तयार होतं ते लोकांना कळलं, ओरड झाली, तपासणीचे कायदे आले. मध्येच बँकांपुढे ठेवी काढायला रांगा लागल्या, कारखाने बंद पडले. आणि घरात असं सगळं सुरू असताना तेच सरकार फिलिपिन्समध्ये लढत होतं. त्याला दोन महासागर जोडणारा कालवा हवा होता. पनामा तेव्हा कोलंबियाचा भाग होता. कोलंबिया अटी मान्य करेना. मग पनामात बंड झालं, आणि कोलंबियाच्या सैन्याला ते मोडता येऊ नये म्हणून अमेरिकेची युद्धनौका किनाऱ्यावर उभी राहिली. काही दिवसांत पनामा वेगळा देश झाला आणि कालव्याचा पट्टा अमेरिकेला मिळाला.

म्हणजे उत्तरात कोलंबिया हवा. व्हेनेझुएला शेजारचा देश, त्याचा इथे संबंध नाही.

“एकेचाळीस पेपर आहेत सर,” मॅडम म्हणाल्या. “बरोबर उत्तर सारखं आलं तर समजू, पुस्तक एकच असतं. पण चूकसुद्धा एकच? आणि वाक्यंही तीच. कुणीतरी सांगितलंय हॉलमध्ये.”

त्यांचं बरोबर होतं. सामुदायिक कॉपी पकडायची आमची जुनी रीत हीच, सारखी चूक शोधायची. अशी केस झाली की सगळ्यांचा निकाल राखून ठेवतात. चौकशी समिती बसते. कॉपी ठरली तर पेपर रद्द आणि वर्ष गेलं. टी.वाय.ची, शेवटच्या वर्षाची मुलं, म्हणजे पदवीही गेली.

मी वरचा पेपर उघडला. तिसरी ओळ वाचली. ‘घरात मक्तेदारी मोडणारे सरकार बाहेर स्वतःचीच मक्तेदारी उभी करत होते.’

हे वाक्य माझं होतं.

दुसरा पेपर उघडला. तेच वाक्य, दुसरं अक्षर. तिसऱ्यात तेच. मॅडम काहीतरी विचारत होत्या, पण मला ऐकू येत नव्हतं.

माझी बायको सुनंदा टेंभुर्णीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. एकोणीस वर्षं रोज एस.टी.ने गेली आणि आली. फेब्रुवारीत तिला सोलापुरातच दवाखान्यात ठेवलं तेव्हा तिचं एक युनिट शिकवायचं राहिलं होतं. ते एकच तिच्या डोक्यात. “अहो, माझी पोरं अडतील. तुम्ही लिहून द्या ना,” असं रोज म्हणायची. एका दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर नोट्स लिहिल्या. आत तिची तपासणी सुरू होती. याच युनिटमध्ये व्हेनेझुएलाचाही एक प्रसंग आहे, युरोपच्या जहाजांनी कर्जासाठी त्याची बंदरं अडवल्याचा. डोक्यात तो असणार. जिथे कोलंबिया हवा तिथे हात व्हेनेझुएला लिहून गेला असेल.

लिहून तिला पाठवलं. सुनंदा माझं काहीही वाचल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही. माझ्या प्रत्येक लेखात तिने एक तरी चूक काढलेली आहे, आणि काढली की दिवसभर चिडवायची. त्या दिवशी तिने फोन बराच वेळ तोंडासमोर धरला. मग म्हणाली, “वाचलं. चांगलं झालंय.”

चूक निघाली नाही याचा मला आनंद झाला होता. मार्चमध्ये ती गेली.

“बिराजदार सरांकडे चला,” मी मॅडमना म्हणालो.

बिराजदार सर कॅपचे डायरेक्टर. कोणता गठ्ठा कोणत्या कॉलेजचा, ते फक्त त्यांच्याकडच्या यादीत असतं. त्यांनी चार-पाच पेपर पाहिले आणि रिपोर्टचा फॉर्म पुढे ओढला.

“सर, हे टेंभुर्णीचे पेपर आहेत का?” मी विचारलं.

त्यांचं पेन थांबलं. “तुम्हाला कसं कळलं?”

“कारण हे उत्तर मी लिहिलंय.”

कोळेकर मॅडम माझ्याकडे बघायच्या थांबल्या. काय झालं ते मी सांगितलं, पण सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. मॉडरेटरने लिहिलेलं उत्तर, बायकोच्या कॉलेजच्या एकेचाळीस पेपरांत, आणि तपासायला मॉडरेटर तोच!

“हे बघा सर,” बिराजदार हळू म्हणाले, “तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण तो विश्वास समितीसमोर काय कामाचा? पोरांनी आधी पाठ केलं की हॉलमध्ये कुणी फिरवलं, मला कसं कळणार? काही पुरावा?”

“मी माझ्या फोनवरून तिला पाठवलेलं दाखवतो.”

“त्यानं काय होतंय? पुढं पोरांना गेलं का, कधी गेलं, ते दाखवा की.”

ते सुनंदाच्या फोनमध्ये होतं. तो फोन भवानी पेठेत, घरी, तिच्या कपाटात. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. स्कूटरवर गेलो. फोन बंद पडला होता. चार्जर लावून बाजूला बसून राहिलो. सुरू झाल्यावर आत काही न बघता तसाच घेऊन आलो. एकट्याने उघडायचं धाडस नव्हतं.

डायरेक्टरांच्या टेबलावर आम्हा तिघांसमोर तिच्या वर्गाचा ग्रुप उघडला. माझ्या नोट्स तिथे होत्या. तारीख फेब्रुवारीची, परीक्षेच्या दोन महिने आधीची. बिराजदार सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नोट्सच्या खाली तिचा एक आवाजी मेसेज होता.

“हा पण ऐकूया,” ते म्हणाले. “रेकॉर्डला लागेल.”

मला नको होतं. पण बटण त्यांनी दाबलं होतं.

‘मुलांनो, शेवटच्या युनिटच्या नोट्स पाठवतेय. आमच्या सरांनी लिहिल्यात. मी वाचल्या नाहीत. चार दिवस झाले, मला अक्षर लागत नाही. पण इतिहासात सर चुकत नाहीत, तेव्हा आहे तसं पाठ करा. आणि कुणी भेटायला आलात तर सरांपुढे बोलू नका मला वाचता येत नाही ते. ते घाबरतील.’

खाली मुलांचे अंगठे, नमस्कार. एका मुलीचा आवाजही होता. ‘मॅडम, आमी न्हाय सांगत कुणाला. समदं पाठ करतो बगा. तुमी फकस्त बऱ्या होऊन या की.’

कोळेकर मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. सव्वीस वर्षं मी कागदपत्रांवरून माणसांबद्दल शिकवत आलो. समोरच्या कॉटवर बायको फोन नुसता धरून बसली होती, ते मला कळलं नाही. एकेचाळीस पोरांना माहीत होतं. मला नव्हतं.

बिराजदार सरांनी रिपोर्टचा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. माझ्याकडून लेखी निवेदन घेतलं, मेसेजचे फोटो जोडले. मला त्या पेपरच्या मॉडरेशनवरून कमी केलं. तेच योग्य होतं. गठ्ठा दुसऱ्या मॉडरेटरकडे गेला. निकाल राखून ठेवला नाही.

निघताना कोळेकर मॅडम पायऱ्यांपर्यंत आल्या. “सर, एक विचारू? मॉडेल उत्तरात कोलंबियाला एक मार्क आहे. कापू?”

“आता मला विचारू नका मॅडम. माझा संबंध संपला.”

“तरी.”

“चूक आहे ना? मग कापा.”

त्या थोडं घुटमळल्या. “गठ्ठ्यात पेपर बेचाळीस होते सर. मी एकेचाळीस म्हणाले, कारण एकात वेगळं होतं. त्यानेही आधी व्हेनेझुएलाच लिहिलंय. मग खोडून वर कोलंबिया केलंय. बाकी उत्तर अक्षरन् अक्षर तुमचंच.”

म्हणजे एकाने पाठही केलं होतं आणि पुस्तकही उघडून पाहिलं होतं. सुनंदाला वाचता आलं असतं तर माझी चूक तिनेच काढली असती आणि दिवसभर चिडवलं असतं. ते काम तिच्या वर्गातल्या कुणीतरी केलं. नाव झाकलेलं होतं. मी विचारलं नाही.

त्यानंतर मी लिहिलेल्या नोट्स आधी कोळेकर मॅडमना पाठवतो. वाचलं असं त्यांनी कळवलं की कुठे चूक निघाली ते विचारतो. नाही निघाली म्हणाल्या तर पुन्हा वाचायला लावतो.