छोटं रेडिएटर
भूकंपाच्या वर्षी मी जुन्या ट्रकला मोठं डिझेल इंजिन बसवलं. रेडिएटर मात्र छोटंच निवडलं, कारण मोठ्यासाठी ट्रकचं देखणं नाक कापावं लागलं असतं. पडलेल्या गावांसाठी छपराचे पत्रे घेऊन नांदेडहून लातूरकडं निघालो, तर लोह्याजवळ पाणी उकळलं. हापशावरची एक बाई भरलेली घागर घेऊन आली. इंजिन निवेपर्यंत मी तिला इंजिनाची थोरवी सांगत राहिलो.

ती म्हणाली, "भाऊ, एवढं काम घ्यायचं, तर पोटभर पाणी नको का त्याला?"

घागर रेडिएटरमध्ये रिकामी करून ती पुन्हा रांगेत शेवटी उभी राहिली.

पुढं नाक कापून मोठं रेडिएटर बसवलं आणि तिला सांगायला गेलो. हापशावरच्या बायांनी विचारलं, "कोन पायजे?"

मला तिचं नाव सांगता येईना. त्या दिवशी सगळा वेळ मीच बोलत होतो.