जागल्या थेंब पाहत बसला

जपानातल्या एका यंत्रानं काहीच ठरवलं नाही, म्हणून माझ्या कपाशीची वेचणी बंद पडली.

कपाशी फुटून पांढरी झाली होती, अजिंठ्याच्या डोंगराकडून आभाळ काळं होऊन येत होतं, आणि माझ्या साऱ्या वेचणाऱ्या बाया ओळींमध्ये फतकल मारून बसल्या होत्या. कमरेच्या झोळ्या सोडून मांडीवर घेतलेल्या. जणू पंगत बसली आहे आणि मी वाढायला विसरले आहे!

"मंग? पोरगी वाचली का बियाणं?" जैबुननं पुन्हा विचारलं.

"मले माहीत नाई," मी म्हणाले.

"माहीत नाई म्हंजे? काल भाग पाह्यला ना तुनं?"

"पाह्यला."

"पुरा पाह्यला?"

"पुरा पाह्यला वो!"

"मंग जागल्यानं काय केलं?"

"पाण्याचा थेंब पाहून राह्यला होता."

"आन्?"

"आन् काई नाई. संपला भाग."

जैबुनच्या शेजारी कमल बसली होती. तिनं झोळी बाजूला ठेवली आणि पाय लांब केले. वेचणारी बाई पाय लांब करते, तेव्हा शेतवाल्यानं समजावं की आता तिला उठवणं देवाच्याही हातात नाही.

हा जागल्या कोण, ते सांगते. माझी सून रूपाली मलकापूरची. लग्नात भांडीकुंडी आणली तशी ती जपानी कार्टून पाहायची सवयही घेऊन आली. मला वाटलं, लेकरांचं असेल, उंदीर-मांजराचं. एकदा भाकरी थापता थापता मी पिठाच्या डब्याला टेकवलेल्या तिच्या मोबाइलकडे पाहिलं, तर एक यंत्र खिडकीत उभं राहून बोलत होतं. रूपालीनं खालची इंग्रजी अक्षरं वाचून सांगितलं, "आत्याबाई, ते म्हणते, जे झोपले हाय त्याईले मी हाय हे माहीतच नाई. मंग मी हाय का?"

मी म्हटलं, "हे तर आपल्याच घरचं हाय!" (दुपारी जेवून सगळे आडवे होतात. भांडी कोण घासतं ते आजवर कोणाला कळलेलं नाही.)

तेव्हापासून मी पाहायला लागले. गोष्ट अशी. तिथल्या लोकांची जमीन नापीक झाली, म्हणून ते एका मोठ्या जहाजात, काचेच्या पेट्यांत झोपून, दुसऱ्या ताऱ्याकडं निघाले आहेत. सोबत बियाण्याची कोठी आहे. आणि राखणीला एकटं यंत्र जागं आहे. त्याचं खरं नाव घेताना माझी जीभ दाताखाली यायची, म्हणून मी त्याला जागल्या म्हणायला लागले. आपल्याकडं पिकात डुकरं शिरू नयेत म्हणून शेतात जागतो तो जागल्या. याचंही काम तेच, फक्त डुकरं नाहीत. एका पेटीत लहानशी पोरगी होती. तिचं नाव मी मनी ठेवलं.

त्या साली गुलाबी अळीनं सगळ्यांची बोंडं आतून पोखरली होती. बियाणं घेताना आम्हाला सांगितलं होतं, याला अळी लागत नाही. अळीला कोणी सांगितलं नव्हतं! माझ्या नाल्याकाठच्या तुकड्यात वाचली तेवढी कपाशी घरात आणायची होती, आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या. शेजारचा बापूराव बायांना न्यायला ऑटो पाठवायचा, वर चहा आणि भजी. माझ्याकडं ऑटो नाही, आणि माझा चहा कसा असतो ते माझ्या घरचेही सांगतील. तरी बाया बांधावरून चालत माझ्याकडं यायच्या. कारण रविवारी रूपालीनं मला भाग दाखवायचा आणि सोमवारपासून मी तो शेतात सांगायचा. हात चालले तर गोष्ट चालायची. ओळ संपली की मी गप्प. पुढची ओळ धरली की पुढची गोष्ट. (याला कोणी कावा म्हणेल. मी वेचणी म्हणते.)

मग त्या आधीच्या रविवारी जहाजाची वीज संपत आली. उरली ती एकापुरती. मनीची पेटी चालू ठेवायची, की बियाण्याची कोठी? जागल्यानं हात पुढं केला आणि भाग संपला.

आठवडाभर माझ्या शेतात दुसरा विषय नव्हता. कमलनं चार पोरी वाढवलेल्या, ती मनीच्या बाजूनं. "लेकरू पहिले! बियाणं काय, कुठीबी भेटते!"

"कुठीबी?" जैबुन उसळली. तिच्या घरी त्या साली दोनदा पेरणी झाली होती. पहिली पावसाविना गेली आणि दुसरी अळीनं नेली. दोनदा पेरलेल्या बाईनं बियाण्याच्या बाजूनं बोलायचं नाही, तर कोणी? "आभाळात तुह्या मावशीचं कृषी केंद्र हाय का वो? पोरगी उठली आन् पेराले काई नाई, मंग काय जागल्याले उकडून खाईन?"

अर्ध्या बाया इकडं, अर्ध्या तिकडं. भांडणाच्या तावात बोटं अशी चालत होती की बोंडात सरकी राहते की नाही अशी मला भीती वाटावी! मी मनात म्हटलं, जागल्या, तुझं भलं होवो.

आणि रविवारी त्यानं माझं हे असं केलं.

अख्खा भाग जागल्या उभा. समोर काच, काचेवर थेंब. थेंब जरा खाली येतो. जागल्या म्हणतो, "निवडणारा कोण?" पुन्हा थेंब. "निवडलं नाही, तर तीही निवडच का?" पुन्हा थेंब. मग गाणं लागलं आणि नावं वर सरकू लागली. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली होती. तिच्यात या भागापेक्षा जास्त काहीतरी घडलं होतं.

"मधून कापलं काय वो यानं?" मी विचारलं.

"नाई आत्याबाई. एवढाच हाय."

"त्याले म्हण, काहीतरी ठरव बाप्पा, मले उद्या वेचणी हाय!"

"ते तत्त्वज्ञान असते आत्याबाई. त्यात उत्तर नसते. प्रश्न असते."

"प्रश्न तर माह्याजवळ लय हाय. त्यासाठी मोबाइल कायले पायजे?"

पण खरं सांगते, रूपालीचं तोंड माझ्यापेक्षा जास्त उतरलं होतं. आठवडाभर तीही वाटच पाहत होती. तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि जळकी भाकरी निमूटपणे खाल्ली. घरात कोणाला सांगणार, की एका यंत्रानं आपला हिरमोड केला?

तर आता शेतात बाया बसलेल्या आणि आभाळ येत चाललेलं. मी घाबरले आणि खोटं बोलायचं ठरवलं.

"आता आठवलं! पोरगी वाचली!"

झाल्या की बियाण्याच्या बाजूच्या बाया उभ्या! बापूरावचा ऑटो बांधापलीकडं उभाच होता, त्या तिकडं निघाल्या.

"थांबा, थांबा! बियाणंबी वाचलं!"

"वीज एकापुरतीच होती ना?" कमल म्हणाली. "तूच सांगतलं परवा. गळ्याले हात लावून सांगतलं!"

आयुष्यभर मी तोंडावर बोलून माणसं तोडली. खोट्याचा सराव करायला वेळच मिळाला नाही.

"सुनेले बलाव," जैबुननं हुकूम सोडला. "आमाले आमच्या डोळ्यानं दाखव."

रूपाली आली. निंबाखाली वेचलेल्या कापसाचा ढीग होता, त्यावर मोबाइल टेकवला. बाया गोल बसल्या. बापूरावच्या वेचणाऱ्या बाया आमच्या बाया काय पाहतात ते पाहायला बांध ओलांडून आल्या, आणि आपल्या बाया कुठं गेल्या ते पाहायला मागून बापूराव आला. आता दोन शेतांची वेचणी बंद!

"हा थेंब किती वेळचा हाय?"

"आता बोलंन. आता बोलंन पाह्य."

"अरे अल्ला, याले कोणी चहा द्या!"

"माह्या घरचाबी असाच बसते खिडकीत. पण त्याले कोणी मोबाइलमंदी दाखवत नाई!"

गाणं लागलं. नावं वर गेली.

"एवढंच?" सगळ्याजणी एकदम बोलल्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच माझ्याबद्दल दया होती.

तेवढ्यात बापूरावनं काडी टाकली. "पण बियाणं कोणतं हाय? घरचं, का पाकिटाचं?"

साऱ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या.

"पाकिटाचं असंन तं काय फायदा?" तो म्हणाला. "एक साल येईन. दुसऱ्या साली नवं पाकीट. तथी कोण देईन?"

बियाण्याची बाजू डळमळली. दोघीजणी सरकून मनीकडं गेल्या.

"घरचंच असंन!" जैबुन ओरडली. "ते जपान हाय, येडं नाई आपल्यासारखं!"

आमचे हे तेव्हाच बैलगाडी घेऊन आले. "अनसा, आभाळ पाह्य!"

"पाहतो. थांबा."

"वारं फिरलं! कापूस भरा लवकर!"

"थांबा म्हटलं ना!"

माझ्या अंगावर ओरडायला ते जवळ आले आणि त्यांची नजर मोबाइलवर पडली. "कोण हाय हा?" रूपालीनं डोक्यावरचा पदर सावरून सासऱ्याला अख्खी गोष्ट सांगितली. त्यांनी आभाळाकडं पाहिलं, कापसाकडं पाहिलं, मग मोबाइलकडं.

"मंग पोरगी वाचली का?" असं म्हणून तेही खाली बसले. (आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं एवढं लक्ष देऊन त्यांनी कधी ऐकलं नाही.)

आणि मग कमल बोलली. ती इतका वेळ पदराच्या टोकाला गाठी मारत होती.

"मी काय म्हणतो, पेटी एक चालू राहते ना? मंग त्या पोरीची ओटी भरा! परगावी जाणाऱ्या पोरीले आपण रिकामी लावतो का? ओंजळभर बियाणं पदरात घालाचं, गाठ माराची, आन् लावाचं झाकण. वीज एक, दोघंबी आत!"

"कुवार पोरीची ओटी कोणी भरते का वो?" मागून कोणीतरी म्हटलं.

"आभाळात कोण पाहून राह्यलं!"

रूपाली म्हणाली, "पण काकू, बियाण्याले थंडी येगळी लागत असंन..." आणि मग तिचं तिलाच हसू आलं. कालपासून पहिल्यांदा. "नाई, नाई. होते. होऊ द्या."

आता सगळ्या जैबुनकडं पाहायला लागल्या. तिनं पानाची पुडी काढली, पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं.

"एका ओंजळीत काय होते? दोन ओंजळी."

"दोन!" कमल म्हणाली.

तडजोड झाली. बापूरावनंही मान हलवली. आणि तेवढ्यात मोबाइलच्या काचेवर टप्पकन एक थेंब पडला.

आणि काय सांगू तुम्हाला? आम्ही सगळ्या, आमचे हे, बापूराव, साऱ्यांनी त्या थेंबाकडं पाहिलं. तो काचेवरून हळूहळू खाली आला. कोणी हललं नाही. तो जागल्या त्या घडीला बाहेर पाहत असता, तर म्हणाला असता, ही खाली कुठली यंत्रं बसली आहेत?

मग धो धो आला! बाया उठल्या, झोळ्या ढिगावर रित्या केल्या, कापसाच्या मोटा बांधल्या, गाडीत फेकल्या. जैबुननं आणि कमलनं मिळून एक मोट उचलली, दोघी चिखलात घसरल्या, पण मोट वरच धरली. झाडावर राहिलेल्या बोंडांचा कापूस तेवढ्यात ओला होऊन लोंबायला लागला. निंबाखाली ढिगाचा शेवटचा भाग राहिला, तो न्यायला गाडी परत येईस्तोवर त्यावर मी स्वतः बसले, लुगड्याचा पदर पसरून, कोंबडी अंड्यावर बसते तशी.

जागल्याचे पुढचे भाग आलेच नाहीत. रूपाली म्हणते, ते बनवणाऱ्यांचं दिवाळं निघालं. (त्यांनाही कोणीतरी सांगितलं असेल, याला अळी लागत नाही.) त्यामुळं आमच्या शिवारात निंबाखालचा निकालच कायम आहे. मनी वाचली. दोन ओंजळी बियाणं वाचलं. साऱ्या बाया बापूरावच्या ऑटोत दाटीवाटीनं बसून घरी गेल्या, रूपालीनं मोबाइल पोलक्यात घालून वाचवला. शेवटपर्यंत भिजत राहिलो ते दोघंच. कापूस, आणि त्याच्यावर बसून, नाकावरून ओघळणारा थेंब पाहत राहिलेली मी.