खलास, अर्बाब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. ऐकून किळस आली तर येऊ द्या. मला स्वतःची येतेच.

दोन हजार दोन सालची गोष्ट. मस्कतला वादी अदाईत एका बंगल्यावर मी स्वयंपाकी होतो. अर्बाबला, म्हणजे आमच्या मालकाला, प्राण्यांचा भारी शौक. त्याने काचेच्या पेटीत किंगस्नेक पाळला होता. काळा, पांढऱ्या कड्यांचा, बिनविषारी साप. पण खायला महा नाटकी, त्यामुळे मुळातच अशक्त. आठवड्याला एक मेलेला उंदीर, तोही फ्रीजरमधला. तो कोमट पाण्यात सोडायचा, मऊ झाला की चिमट्यात धरून सापापुढे हळूहळू हलवायचा. नाहीच घेतला तर पेटीवर कापड टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्बाब हे सगळं मायेने करायचा. त्या उन्हाळ्यात तो कुटुंबाला घेऊन अडीच महिने परदेशी गेला आणि चिमटा माझ्या हाती आला.

भिजलेला उंदीर कधी हातात घेतलाय तुम्ही? केस बोटांना चिकटतात. पोट लिबलिबीत लागतं. नंतर कणीक मळताना मला तोच वास यायचा. पहिल्या शुक्रवारी मी जेमतेम दहा मिनिटं चिमटा हलवला. सापाने तोंड फिरवलं, मला उलटी झाली, उंदीर कचऱ्यात गेला. पुढच्या शुक्रवारपासून — फ्रीजरमधून थेट कचऱ्यात.

जुम्म्याच्या नमाजानंतर अर्बाबचा फोन यायचा. "अकल खलास?" खाऊन झालं का? मी म्हणायचो, "खलास, अर्बाब." आपल्याकडे खलास कशाला म्हणतात ते तुम्ही जाणताच. मीही जाणत होतो. फोन ठेवून हसायचो — हो, हसायचो.

बंगल्याची साफसफाई इब्राहिमभाई करायचा. रत्नागिरीकडचा, अकरा वर्षं त्याच घरात, मला धाकट्या भावासारखा मानणारा. सापाच्या पाठीचा कणा वर आलेला त्याने पाहिला आणि म्हणाला, "अरे, मी भरवून बघू काय?" मी खेकसलो, पेटीला हात लावायचा नाही. का? त्याच्या हातून साप जेवला असता तर माझं बिंग फुटलं असतं ना!

अर्बाब परतायच्या आदल्या दिवशी साप मेला. आणि मी काय केलं — इब्राहिमभाईची फिनाईलची बाटली घेतली आणि पेटीत ओतली. थोडीच. वास येण्यापुरती.

अर्बाबने पेटी उघडली, हुंगली, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "इब्राहिम साफ करता है, अर्बाब." एवढंच. एवढंच पुरलं. आठवड्यात इब्राहिमभाईचा व्हिसा रद्द झाला.

त्याने माझे दोन्ही हात धरले. "तू सांग रे अर्बाबला. मी त्या पेटीला कधी हातसुद्दा नाय लावलाय." मी म्हणालो, "इन्शाल्ला, सांगतो." टाळायचं असलं की इन्शाल्ला म्हणतात, हे अकरा वर्षांत त्याला कळलं नसेल? कळलं असणार. पण माझ्याबद्दल त्याला तसं वाटलं नाही. मी सांगितलं नाही. तो खोक्याला दोरी बांधत होता तेव्हा मी आत कांदा चिरत होतो.

चार वर्षांनी सुट्टीवर असताना त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. न जावं तर संशय, म्हणून गेलो. तो येईल त्याला माझी ओळख करून देत होता — "ह्याने माझ्यासाठी अर्बाबपाशी लय शब्द टाकला, पण नशीब माझं." मग मला शेजारी बसवलं, एकाच थाळात. मटणाचे चांगले चांगले तुकडे निवडून माझ्या बाजूला सारत होता. "खा रे, लाजू नको."

मी खाल्ले. एकही सोडला नाही.