रंगवलेली फळी आणि मोडलेला मणका

"पाठीचा मणका मोडलाय," डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनी मला बोटानं जागा दाखवली. मला त्यात काही कळलं नाही. मी एवढंच विचारलं, "पन चालतील न्हवं?" ते म्हणाले, "एमआरआय होऊ दे, मग सांगतो." त्या एका वाक्यावर मी अख्खी दुपार काढली.

माझे यजमान गवंडी आहेत. आम्ही मूळचे शाहूवाडीकडचे, कामासाठी कोल्हापुरात राहतो. राजारामपुरीत एका इमारतीला बाहेरून गिलावा चालला होता. पहिल्या मजल्याच्या उंचीवर बांबूच्या परांचीची उभं राहायची फळी मधोमध मोडली आणि हे पाठीवर वाळूच्या ढिगात पडले. तिथं ढीग होता म्हणून मी आज हे शांतपणे लिहिते आहे.

दुखापतीचं नाव 'कॉम्प्रेशन फ्रॅक्चर', म्हणजे दाब बसून मणका चेपणं. मणका मोडला म्हणजे माणूस अंथरुणाला खिळलाच, असं मला वाटत होतं. तसं नसतं. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, डॉक्टर त्याला 'स्पायनल कॉर्ड' म्हणतात. हाडाचा तुकडा त्यात घुसला तर पाय जातात, नाही तर हाड भरून येतं. एमआरआय त्यासाठीच असतो.

मशिनमध्ये धातू चालत नाही. नर्सनं ह्यांच्या गळ्यातला जोतिबाचा ताईत काढून माझ्या हातात दिला. दाराबाहेरच्या बाकावर मी तो मुठीत धरून बसले. शेजारी ह्यांचे ठेकेदार बापू. ते सारखे उठून चहा आणत होते. मला त्या चहाची चीड येत होती, पण मी पीत होते.

"वैनी, फळी चांगली हुती हो," ते म्हणाले. "नवमीलाच तर रंगवल्याली."

खंडेनवमीला सगळेच गवंडी हत्यारं धुऊन पूजतात. थापी, ओळंबा, घमेली मांडायची, हळदकुंकू वाहायचं. बापूंना नटवण्याची भारी हौस. यंदा त्यांनी फळ्यांनाही तांबडा ऑइलपेंट मारला होता. पूजा बघायला मीही गेले होते. फळ्या झकास दिसत होत्या.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "मज्जारज्जूला धक्का नाही. ऑपरेशनची गरज नाही. बेल्ट लावायचा आणि सांगेपर्यंत पडून राहायचं." मी त्यांना पुन्हा एकदा तेच म्हणायला लावलं. मग बाकावर बसून हमसाहमशी रडले. बापू माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत होते.

घरी आणल्यावर खरी कसोटी कुशीवर वळवण्याची. त्याला 'लॉग रोल' म्हणतात. खांदा, कंबर, पाय एकदमच वळवायचे, पाठीला पीळ पडू द्यायचा नाही. त्याला दोन माणसं लागतात. शेजारणीला हाक मारायला लाजू नका, मी आधी लाजले आणि ह्यांना कळ सोसावी लागली.

"आगं, मी काय पोतं हाय व्हय?" हे ओरडायचे.

"पोतं बरं. ते गप तरी बसतंय," मी म्हणायचे. ते चिडले की मला बरं वाटायचं. चिडायला अंगात ताकद लागते.

एके दिवशी बापू मोडक्या फळीचा तुकडा घेऊन आले. ह्यांनी पडल्या पडल्याच बापूंना सुरीनं त्यावरचा रंग खरवडायला लावला. खाली लाकडाची गाठ होती आणि गाठीतून गेलेली चीर. चीर आतून काळी पडली होती, म्हणजे जुनीच. रंग नसता तर ती चढण्याआधीच दिसली असती.

"देवासाठी केलं हुतं, वैनी," बापू म्हणाले.

"व्हय. पन देवाला उघडी फळी चालती की," मी म्हटलं. तेव्हा मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी जाऊन सगळ्या फळ्या खरवडल्या आणि चिरलेल्या बाजूला काढून करवतीनं तोडून टाकल्या, परत कुणी वापरू नयेत म्हणून.

तुमच्या घरातलं कुणी परांचीवर चढत असेल तर त्यांना एवढं विचारा. फळीचं लाकूड उघडं दिसतं का? त्यात चीर, मोठी गाठ, कूज आहे का? दोन्ही टोकं आडव्या बांबूला बांधलीत का? टोक फार बाहेर आलं असेल तर त्यावर पाय पडताच फळी उलटते. विचारल्यावर माणूस वैतागेल. वैतागू दे.

परवा डॉक्टरांनी ह्यांचा बेल्ट सोडला. "आता सावकाश चाला, जड उचलू नका," म्हणाले. मी आभार मानायचे सोडून पेढ्यांचा पुडा त्यांच्या पुढं केला.

दोघं रिक्षानं परत येताना राजारामपुरीत एका दुकानाचं काम चाललेलं दिसलं. निळ्या रंगाची फळी आणि वर एक गवंडी. मी रिक्षा थांबवली आणि बाहेर डोकं काढून ओरडले, "ओ पावणं, खाली या की जरा. फळीला रंग हाय न्हवं."

तो वरूनच म्हणाला, "तुमाला काय करायचंय?"

मी तोंड सोडणार तेवढ्यात लक्षात आलं की शेजारची जागा रिकामी आहे. हे उतरून गेले होते. गाड्या चुकवत, कुणाचा हात न धरता, रस्ता ओलांडून ते त्या परांचीखाली पोचले होते आणि मान वर करून त्या गवंड्याला समजावत होते.

गवंडी खाली उतरला. मी मात्र फळीकडं बघतच नव्हते, रिक्षात बसून ह्यांच्या पायांकडं बघत होते.