होडीत वीस रवे गूळ

दोनशे किलो गूळ घेऊन समुद्रात एकटीनं शिडाची होडी हाकणारी कोल्हापुरातली मी पहिली बाई. माझ्यानंतर कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. कुणी जाऊही नये.

तेव्हा माझं वय सेहेचाळीस. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं वय. माहेर विजयदुर्गचं आणि सासर कोल्हापूरचं, शाहूपुरीतलं, गुळाच्या अडतीचं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि तेवीस वर्षांत समुद्राशी माझा संबंध उरला होता तो सुकटीपुरता.

पण वडिलांची होडी होती. अठरा फुटी, एका शिडाची, नाव 'साळुंकी'. नऊ वर्षांची असताना बाबांनी मला तिच्यात बसवून सुकाणू हातात दिलं होतं. ते गेल्यावर ती विजयदुर्गच्या किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली दोन वर्षं पडून होती. एक दिवस मालवणहून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एसटीडी बूथवरून फोन आला. होडी एका हॉटेलवाल्याला देतोय म्हणाला. हॉटेलवाला ती बागेत उभी करणार आणि आत क्रोटन लावणार.

बाबांच्या होडीत क्रोटन! मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, होडी मला हवी.

"खंय ठेवतलंस? रंकाळ्यात?" दादा हसला. मग बूथवाल्याचं मीटर पळतंय हे आठवून त्यानं एका दमात अट घातली. मी एकटीनं होडी विजयदुर्गहून मालवणला आणायची. वाटेत दुसऱ्या कुणाचा पाय होडीत पडला तर होडी क्रोटनवाल्याची.

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मग प्लॅन. शंभर पानी वही, शाळेतला नकाशा, लेकीची कंपासपेटी. किनाऱ्या-किनाऱ्यानं जायचं, अंधारात होडी हाकायची नाही. पहिला मुक्काम देवगड, आमच्या ह्यांच्या ओळखीच्या आंबेवाल्यांकडे. दुसरा आचरा, माझ्या मावसबहिणीकडे, सुमनकडे. तिसऱ्या दिवशी मालवण. आचऱ्याला खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, भरती असेल तरच आत शिरता येतं. भरतीचं गणित बाबांनी शिकवलेलं: तिथीला पाऊणनं गुणायचं. त्या दिवशी पौर्णिमा. पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. वहीत लिहिलं, 'आचरा, सकाळी ११.१५, भरती, सुमनकडे जेवण.' एसटीचं वेळापत्रकसुद्धा इतकं खात्रीचं नसतं. (तेही पाळलं जात नाही, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.)

राहता राहिलं निरम. रिकामी होडी वाऱ्यानं लवंडू नये म्हणून तळाशी वजन ठेवतात, त्याला निरम म्हणायचं. बाबा काळे दगड घालायचे, दोनशे किलो. हे मी घरात समजावून सांगत होते, तर सासूबाईंनी ताटातली शेंग मोडता मोडता विचारलं, "दोनशे किलोत तू धरलीयास का न्हाय?"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्या आत्याबाई अशा. त्यांना माझ्या बुडण्याची चिंता नव्हती. त्यांची चिंता वेगळी होती. दोन ठिकाणी मुक्काम, शिवाय मालवणात दादाच्या सासरची माणसं. "मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जाणार व्हय? गुळाच्या घरची सून हाईस. लोकं थुकतील की."

आणि इथं माझ्या बुद्धीनं झेप घेतली. दगड काय, गूळ काय, वजन ते वजन! दहा किलोच्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात. असे वीस रवे गोणपाटात बांधून तळाशी ठेवले की निरम झालं, आणि दारोदार द्यायला भेटही झाली. मी हे जाहीर केलं तेव्हा आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. त्या नजरेपायी मी आणखी दोनशे किलो घेतले असते.

ह्यांनी मात्र हिशेबाची वही मिटली. तीस वर्षं गुळात काढलेला माणूस. म्हणाले, "पाणी लागलं तर गं?"

"अहो, होडी पाण्याच्या वर असते," मी म्हटलं.

ह्यांनी पुन्हा वही उघडली.

जीप गगनबावड्याच्या घाटातून गूळ, मी आणि लेकीचा पंजाबी ड्रेस (साडीत शीड ओढता येत नाही, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं) घेऊन विजयदुर्गला पोचली. होडी पाण्यात ढकलली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले. इथं वहीत एक ओळ राहून गेली होती. दोन वर्षं कोरड्यावर पडलेल्या होडीच्या फळ्या सुकून फटी पडतात. पाण्यात दोन-तीन दिवस ठेवली की लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. हे मला ठाऊक होतं. नऊ वर्षांची असताना ठाऊक होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्याजवळ वेळापत्रक होतं.

पहिला दिवस झकास गेला. वारा पाठीशी, किनारा डावीकडे, तळाशी थोडं पाणी यायचं ते मी डब्यानं उपसायची. उपसलेलं पाणी तांबूस दिसत होतं. म्हटलं, जुनं लाकूड, रंग सोडत असेल.

देवगडला आंबेवाल्यांना दोन रवे दिले. त्यांच्या बायकोनं गोणपाट सोडलं आणि ती आधी गुळाकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. दहा किलोच्या रव्यातला जेमतेम सहा किलो शिल्लक होता, खालून चाटल्यासारखा गुळगुळीत. "वयनी, वाटेत भूक लागली काय?" तिनं अगदी मायेनं विचारलं.

तेव्हाच शहाणी बाई निम्मी होडी दगडांनी भरून घेते. मी काय केलं? मोजून पाहिलं, अठरा रवे उरलेत, पुष्कळ झाले. शिवाय तिनं घावणे घातले आणि आग्रह केला. मी निघाले ती दहाला. तोवर सकाळचा वारा पडला होता, शीड टांगलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. बाराच्या पुढं समुद्रावरून वारा सुटला आणि सुटला तो चांगलाच सुटला. होडी उजवीकडून दाबली गेली की एका अंगावर कलायची, आणि कालच्यासारखी परत उठायची नाही. विचार करून करून मग उठायची. मी खाली वाकून पाहिलं. गोणपाटं होती. गोणपाटांत काही नव्हतं. तळाशी वीतभर काकवी हेलकावत होती.

निरम जागचं हलू नये, हा पहिला नियम. माझं निरम होडी डावीकडे कलली की डावीकडे धावत होतं, उजवीकडे कलली की उजवीकडे, आणि दर वेळी तिला आणखी कलवत होतं. म्हणजे ते उपसायला हवं. पण उपसायचं म्हणजे उरलंसुरलं वजन स्वतःच्या हातानं समुद्रात टाकायचं. न उपसावं तर फटींतून येणाऱ्या पाण्यानं बुडायचं. मी डबा हातात धरून रडकुंडीला आले. शेवटी उपसायलाच लागले. दर डब्यागणिक होडी हलकी होत होती आणि दर डब्यागणिक वारा तिला जास्त झोपवत होता.

आचरा आलं तेव्हा तीन वाजले होते. भरती सव्वाअकराला अगदी वेळेवर येऊन गेलेली! बांधावर लाटा फुटून पांढरा फेस उडत होता. पलीकडे वाळूवर सुमन उभी, हातात पदर घेऊन हलवत होती. आत शिरले असते तर होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या असत्या, एकेक करून. मी तिला हात केला आणि मालवणच्या दिशेनं सुकाणू धरलं. दिवस मावळायला तीन-साडेतीन तास होते.

एक मच्छीमार लाँच जवळ आली. ती हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलानं माझ्या डब्यातून पडणाऱ्या पाण्याकडे बघून ओरडून विचारलं, "बाय, होडीत चाय केलंस काय?" मग होडीचा कल बघून त्याचा आवाज बदलला. "माणूस उतरवतंय, थांब."

"नको!" मी किंचाळले. "पाय ठेवू नका कुणी! माझी होडी जाईल!"

"नायतर होडयेवांगडा तू जातलंस!" होडीसकट मी जाणार, हे मलाही दिसत होतं.

तेवढ्यात वाऱ्याचा झपाटा आला. उजवी कड वर उचलली गेली, डावी कड पाण्याला टेकली, हिरवं पाणी आत घुसलं. बाबांचा आवाज, देवाचं नाव, काही आठवलं नाही. आठवल्या आत्याबाई. दोनशे किलोत तू धरलीयास का न्हाय?

मी दोर सैल सोडला, शीड अर्धं उतरवलं आणि होडीच्या मधोमध, अगदी तळाच्या फळीवर, काकवीत फतकल मारली. होडी थरथरली, विचारात पडली आणि उठली.

तिथून मालवणपर्यंत मी निरम होते. सुकाणूच्या दांड्याला दोरी बांधून खालूनच ओढत होते. समोरचं काही दिसत नव्हतं, दिसत होतं ते आभाळ आणि अर्धं शीड. खडक कुठं आहे ते लाँचवरचा तांडेल लांबून सांगायचा, "भायर घे! आता भुतूर!" डाव्या हातानं उपसायचं, उजव्यानं दोरी, आणि बूड म्हणून तसूभर हलवायचं नाही. अडीच तास. पाणी उपसलं गेलं तशी माझ्या बुडाखालची काकवी उन्हानं घट्ट होत होती, तेही मला कळत नव्हतं.

मालवणच्या किनाऱ्याला होडी लागली तेव्हा सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. सुमननं आचऱ्याहून फोन करून कळवलं होतं; दादा आणि जीपनं आधीच आलेले हे, दोघं गुडघाभर पाण्यात धावत आले. मी उठायला गेले. उठता येईना. पुन्हा जोर केला. मी आणि फळी एक झालो होतो.

ह्यांनी मला उचलायला पाय वर घेतला. तर दादा त्यांच्या अंगावर ओरडला. "भावजी, पाय आत टाकू नकात! बाय जिंकलीहा!" त्याचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांत बाबांसाठी तो रडलेला मी पाहिला नव्हता.

मग दोघं दोन बाजूंनी पाण्यात उभे राहिले, तांडेल मागून आला, आणि एकाचाही पाय आत न पडता तिघांनी मला काखेत धरून ओढलं. एक, दोन, तीनला मी सुटले. लेकीच्या सलवारीचा मागचा भाग सुटला नाही. मी बाबांचं शीड कमरेला गुंडाळून मालवणात उतरले.

बूथवरून कोल्हापूरला फोन लावला. आत्याबाईंनीच उचलला.

"गूळ पोचला न्हवं?"

"पोचला," म्हटलं, "सगळ्या समुद्राला पुरला."

"आन् तू?"

"मीपण पोचले, आत्याबाई. बरीचशी."