एका अक्षराचं अस्वल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मी चोरून खाल्लेला पेढासुद्धा लपवू शकत नाही! पण हे लपवलं. सहा वर्षं. आज सांगतो. पण थांबा, आधी थोडं दुसरंच सांगू द्या, कारण त्याशिवाय हे कळायचं नाही.

मी इंग्रजीचा मास्तर. सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं झाली. आणि मला एक वेड आहे. चुकलेलं स्पेलिंग दिसलं की माझ्या अंगात काहीतरी संचारतं! राग येतो म्हणता? येतो ना. पण नुसता राग नाही हो — खरं सांगू? आनंद! सकाळी सकाळी रानात मोर दिसावा तसा आनंद. कोहमाऱ्याच्या चौकात वेल्डिंगचं एक दुकान आहे. पाटीवाल्यानं त्यातला एल गाळला आणि डी दोनदा काढला. झालं! वेल्डिंगचं झालं वेडिंग. म्हणजे इथे लोखंडी गेट, ग्रिल आणि शटरची लग्नं लावून मिळतील! मी गाडी थांबवली, उतरलो, फोटो काढला. पुढच्या ढाब्यावर मेनूकार्डात गोड पदार्थांच्या 'डेझर्ट्स' या मथळ्यात एक एस कमी, म्हणून जेवणानंतर गिऱ्हाइकानं गुलाबजाम नाही, वाळवंट खायचं. जंगलाच्या वाटेवर शांतता राखा म्हणून पाटी, तर क्वाएटमधल्या ई आणि टीनं जागा बदललेल्या. झालं क्वाइट! म्हणजे 'कृपया बरंच राखा'. काय राखा? किती राखा?

आणि बोलण्यातलं तर विचारूच नका. 'डिस्कस अबाउट'. 'रिव्हर्ट बॅक'. अरे, रिव्हर्टमध्येच परत आहे की! परत परत काय जायचं? मीटिंगमध्ये साहेब असं बोलले की मी वहीच्या कडेला लिहून ठेवायचो आणि मनातल्या मनात नाचायचो.

बायको म्हणायची, "लोकाइले समजते ना जी, दुकान कायचं हाय थे? मंग तुमाले काऊन तरास होऊन राहिला?"

त्रास? मला तर मजा येत होती. तालुक्यातल्या आम्हा इंग्रजीच्या मास्तरांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता, नाव 'लाल शाई'. त्यात रोज अशी शिकार टाकायची. आणि तुम्हाला सांगतो, त्या ग्रुपचा राजा मी होतो. मी फोटो टाकला की खाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांगच लागायची. वर्गात चाळीस पोरं जांभया देतात हो. इथे अकरा माणसं माझी वाट पाहायची. सवय लागते त्याची.

तर — नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या गावांतून बायकांना गाईड म्हणून घ्यायचं ठरलं होतं. गावपातळीवर एक समिती होती, तिनं उमेदवारांकडून स्वतःविषयी दहा ओळी इंग्रजीत लिहून घेतल्या आणि कागद तपासायला माझ्याकडे पाठवले. चौदा कागद. शनिवारची अर्धी शाळा, स्टाफरूममध्ये मी एकटा, डबा खाऊन झालेला. आणि सातव्या कागदावर माझे डोळे चमकले.

रंजना कुंभरे. जंगलाला लागून असलेल्या एका टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. अक्षर गोल, सुंदर. लिहिलं होतं — आय ॲम हार्डली वर्किंग सिन्स चाइल्डहूड. तिला म्हणायचं होतं, लहानपणापासून कष्ट करते. झालं उलटंच — लहानपणापासून क्वचितच काम करते! मी एकटाच हसलो. मोठ्यानं. आणि खालच्या ओळीत वडिलांविषयी होतं. जंगलात माझे वडील बिअरनं गेले, असं. बी, ई, ई, आर.

मी नावावर अंगठा ठेवून फोटो काढला. पाहा, किती काळजी घेतली मी! वर ओळ लिहिली — 'बाप बिअरनं गेला, तेव्हापासून लेक क्वचितच काम करते.' आणि टाकला. मिनिटभरात पिवळी तोंडं सुरू. एकानं लिहिलं, 'सर, आजवरची सर्वांत भारी!' माझे कान गरम झाले, आनंदानं. मी स्टाफरूममध्ये फेऱ्या मारल्या.

नाव झाकलं होतं, पण गावाचं नाव पहिल्याच ओळीत होतं. ते नाही झाकलं. फोटो ग्रुपमधून बाहेर गेला. कसे जातात, तुम्हाला माहीत आहे. चौथ्या दिवशी तो जंगलाच्या गेटवर पोचला. ती निवडीसाठी तिथे आली होती. सफारीच्या एका जिप्सीवाल्यानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तेरे बाप ने कौन सी बिअर पी थी?"

आता इथे माझं एक उत्तर तयार आहे. सहा वर्षं मी तेच स्वतःला देत आलो. की मला काय माहीत? वाचणाऱ्याला वाटणारच दारूनं गेला असेल. माणसं जातात तशी. मला वाटलं, तेच लिहिलं असेल —

नाही. हे खोटं आहे. बघा, आत्ता तुमच्याशीसुद्धा खोटं बोलायला निघालो होतो.

मला माहीत होतं.

त्या कागदाच्या आठ-दहा दिवस आधी, एका रविवारी, रंजना सायकलनं माझ्या घरी आली होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं, सर इंग्रजी चांगलं सांगतात. अकरा किलोमीटर सायकल मारत आली. बायकोनं चहा दिला, पोहे दिले. बोलता बोलता तिनं बायकोला सांगितलं. ती नववीत असताना बाबा पहाटे मोहफुलं वेचायला गेले. अस्वलही मोहासाठीच आलं होतं. टोपली झाडाखाली तशीच सापडली, अर्धी भरलेली. तेव्हापासून ती आईबरोबर मोह वेचते, तेंदूपत्ता तोडते, भाताच्या रोवणीला जाते, आणि त्यातूनच बारावी झाली. माझी बायको डोळे पुसत होती. मी तिथेच बसलो होतो, वर्तमानपत्र घेऊन.

मग ती माझ्याकडे वळली. "सर, अस्वलाले इंग्रजीत काय म्हनतेत जी?"

मी पानातून डोकं न काढता म्हणालो, "बेअर."

एवढंच. स्पेलिंग नाही सांगितलं. मी! तालुक्याचा स्पेलिंगवाला! तिनं तळहातावर बॉलपेननं काहीतरी लिहिलं. मी पाहिलं नाही काय लिहिलं ते. तिनं ऐकलं तसं लिहिलं. म्हणजे सातव्या कागदावरची ती चूक जिथून आली ते घर माझंच होतं. आणि कागद हातात घेताच मला ते कळलं होतं. टोपली आठवली होती. आधी टोपली आठवली, मग मी हसलो — हाच क्रम होता. मी तो अनेकदा मनात उलटापालटा करून पाहिला आहे. बदलत नाही.

जिप्सीवाल्यानं विचारल्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात माझ्यासमोर उभी राहिली, हातात कुणाचा तरी मोबाईल, त्यात तो फोटो. रडत नव्हती. रडली असती तर — नाही, तरी मी काही बोललो नसतो.

"सर, कागद तुमच्याकडे होते ना? मंग फोटो कोनं काढला?"

माझा अंगठा त्या फोटोत होता! नखासकट! तिनं तो पाहिला असेल का? मी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणालो, "माझ्याकडे यायच्या आधी कागद समितीच्या टेबलावर दोन दिवस पडून होते. कोण कोण आलं-गेलं असेल. मी शोध घेतो."

"घ्या जी," ती म्हणाली. "मले तुमच्यावरच भरोसा हाय."

मी काय शोध घेतला? त्या संध्याकाळी ग्रुपमधून फोटो पुसला आणि तिला भरपूर गुण दिले. तिची निवड झाली. ती गुणांमुळे झाली असं मी मनात म्हणत राहिलो, पण तेही खरं नाही. समितीनं बायकांना जंगलात फिरवून पाहिलं होतं. पाऊलखुणा, झाडं, पाखरांचे आवाज सगळ्यांत जास्त तिलाच ओळखता आले. माझे गुण नसते तरी ती निवडली गेलीच असती.

आणि काय गाईड आहे! गेल्या महिन्यात शाळेची सहल घेऊन गेलो तेव्हा आमच्या जिप्सीत तीच. पोरं तिच्या बोटाकडे डोळे लावून बसलेली. सांबर, रानगवा, सर्पगरुड — इंग्रजीत, मराठीत, गोंडीत, धडाधड. इंग्रजी वाक्यांत चुका होत्या. मी मोजल्या नाहीत. वळणावर, एका वारुळाशी, अस्वल दिसलं. भर सकाळी, काळंभोर, पाठमोरं. पोरं श्वास रोखून बसली. ती हळूच म्हणाली, "भालू." मग गोंडी शब्द सांगितला, मग मराठी. इंग्रजी शब्द सांगितला नाही. एका पोरीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "थो तुमच्या सरले विचारा."

परत गेटवर आल्यावर पोरं नाश्त्याला पळाली. तिनं मला पाणी आणून दिलं. आजूबाजूच्या गाईड बायकांना सांगितलं, "हे माहे सर. याइच्या घरी गेली होती मी इंग्रजी शिकाले." त्या बायकांनी मला हात जोडले. मीही जोडले.

मग त्या गेल्यावर तिनं विचारलं, अगदी सहज, "सर, तो फोटोवाला मिळाला काय जी कधी?"

आम्ही दोघंच होतो. सकाळचे साडेदहा. ऊन छान होतं. सांगायला याहून सोपी वेळ कुठली?

मी म्हणालो, "नाही."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "त्याले माहीत नसन माह्या बाबाचं. माहीत असतं त काऊन टाकला असता कोनी?"

मला माहीत होतं. मी टाकला.