बुधवारचा मुक्त बाजार

माझा एक मित्र होता. सरकारचं नाव निघालं की तो जेवणाच्या ताटावरूनही उठायचा. चंद्रपूरच्या कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो, आणि प्राध्यापकांनी शिकवलं नाही ते त्याने मला त्या खोलीत शिकवलं. सरकारने रस्ता द्यावा, न्याय द्यावा, चोर पकडावा आणि बाकी आमच्या वाटेला जाऊ नये. घर, धर्म, रीतभात, धंदा हे माणसांचं माणसांनी बघावं. मला हे पटायला वेळ लागला नाही. आमच्या घरी आजोबांपासून बांगड्यांचा धंदा. गावोगावचे आठवडी बाजार करून पोट भरायचं, आणि कुणा साहेबाने आमची एक बांगडीही कधी विकून दिलेली नव्हती.

कॉलेज संपल्यावर तो चंद्रपुरातच वडिलांच्या सिमेंटच्या एजन्सीत बसला, आणि मी गडचिरोलीला येऊन अब्बांची पेटी उचलली. मग इंटरनेट आलं आणि त्याने ई-ग्रुप काढला. पुणे, नागपूर, अमेरिका, कुठले कुठले लोक त्यात. सगळे परमिट-लायसन्सला विटलेले. मॉडरेटर अर्थात हाच. त्याने सोडल्याशिवाय कुणाचाही मेल ग्रुपवर जात नसे. कमी सरकार मागणाऱ्यांच्या दारात एवढा कडक नाकेदार कशाला, असं मी त्याला चिडवायचो. तोही हसायचा.

आम्ही नुसत्या गप्पाच हाणत होतो असं नाही. त्या काळी आंध्रच्या सीमेवरच्या कोरपन्याच्या शेतकऱ्याला आपला कापूस राज्याबाहेर विकायची बंदी होती. सीमेपलीकडे भाव चांगला, आणि इकडे नाक्यावर त्याची बैलबंडी अशी अडवायचे, जशी काही चोरीच्या मालाची आहे. आम्ही आमदारांना, मंत्र्यांना, पेपरवाल्यांना मेल पाठवून पाठवून भंडावून सोडलं. ते कुणी वाचले की नाही, देव जाणे. पण ‘माल शेतकऱ्याचा, मर्जी शेतकऱ्याची’ असं लिहिताना माझी छाती फुगायची, हे खरं.

ग्रुपवर माझं नाव झालं ते मात्र बाजारामुळे. दर बुधवारी मी एसटीने जंगलातल्या एका गावी जायचो. तिथल्या मोहाच्या झाडांखाली आसपासच्या गावांचा बाजार भरायचा. कुणी मोहफुलं देऊन मीठ घ्यायचं, कुणी तांदूळ देऊन मासोळी. भाव पाटीवर लिहिलेला नसे, तो दोघांच्या तोंडून ठरायचा. माझ्या शेजारी एक ढिवर बाई बसायची. गावच्या बोडीतले, म्हणजे तळ्यातले, झिंगे सुकवून आणायची. गिऱ्हाइकाने भाव पाडला की ती टोपलीवर फडकं ओढून घ्यायची. गिऱ्हाईक बरोबर वठणीवर यायचं. हे सगळं मी शनिवारी गडचिरोलीच्या सायबर कॅफेत बसून इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहायचो. दोनदा वीज जायची, तिसऱ्यांदा मेल जायचा. लोकांना ते फार आवडलं. अमेरिकेतला एक जण म्हणाला की आपण पुस्तकात शोधतो ते हा माणूस दर बुधवारी बघतो. मित्राने माझं लिखाण फोटोसकट वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावलं, वर मथळा: जंगलातला मुक्त बाजार. मी ते अब्बांना दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “बेटा, बाजार लिखनेवालों का नहीं, बैठनेवालों का होता है।” मी हसण्यावारी नेलं.

मग एका उन्हाळ्यात जवळच्या पोलीस कॅम्पावरून हुकूम आला, बाजार बंद. तिथून जंगलातल्या बंदूकवाल्यांना रसद जाते म्हणून. जात असेलही, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून सगळ्यांचंच मीठ बंद? माझा तर हातातला सगळ्यात मोठा बाजार गेला. झिंगेवाल्या बाईला जवळचा दुसरा बाजार म्हणजे दिवसभराची पायपीट होती.

मला काळजी वाटली नाही. ग्रुप होता ना! कापसासाठी रान उठवणारी माणसं आपल्या लाडक्या बाजारासाठी गप्प बसतील? मी आयुष्यातला सगळ्यात चांगला मेल लिहिला. तो ग्रुपवर आलाच नाही. पुन्हा पाठवला, तोही नाही. शेवटी एसटीडी बूथवरून फोन केला.

“हा विषय आपला नाई,” मित्र म्हणाला. “सुरक्षेचा मामला आहे.”

“कापूस अडवला तर गुलामी, आन् मीठ अडवलं तर सुरक्षा?”

“अबे, तू तिथी राह्यतं. उद्या तुलेच कोणी काही म्हणलं तर? तुझ्या भल्यासाठीच रोकून राह्यलो.”

माझ्या भल्यासाठी! हे तर अगदी सरकारी वाक्य होतं. मी फोन आपटला. पाऊस गेला, दिवाळी गेली. बाजाराच्या जागी गवत वाढलं. वेबसाइटवर मात्र बाजार रोज भरत होता, माझ्याच शब्दांत.

थंडीत त्याचा फोन आला, आवाजात जुन्या खोलीतली खुशी. “बाजार भरवून राह्यलो बुधवारी. परवानगी काढली. सगळ्यायले सांग.”

मला इतका आनंद झाला की लाज वाटली. बिचारा आपल्यासाठी आतून खटपट करत होता, आणि आपण त्याला काय काय समजलो! मी एसटीच्या कंडक्टरांकडे गावोगाव निरोप दिले. झिंगेवाल्या बाईच्या घरी तर स्वतः गेलो.

बुधवारी लोक दाटून आले. डोक्यावर पाट्या, कडेवर पोरं, कावडीत कोंबड्या. गवत तुडवून ज्याने त्याने आपापली जुनी जागा धरली. बाया हसत हसत हात पुढे करत होत्या, आणि मी बांगड्या भरत होतो. दुपारी दोन जीपगाड्या आल्या. मित्र उतरला, पाठोपाठ ग्रुपची पाहुणे मंडळी. पुण्याची होती, दोघे अमेरिकेतून आलेले. वेबसाइटवरचा बाजार त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. मित्र सांगत होता, “इथं सरकार नावालाही नाही.” कडेला दोन बंदूकधारी शिपाई उभे होते, फोटो काढणारे त्यांच्याकडे पाठ करून काढत होते. एका पाहुणीने भाव न करताच डझनभर बांगड्या घेतल्या.

झिंगेवाल्या बाईची टोपली रिकामी झाली होती. तिने मला हाक मारली, “भाऊ, पुढच्या बुधवारी जास्ती आणीन.”

मी सहज मित्राला विचारलं, पुढच्या बुधवारी वेळ हीच ना?

“पुढचा बुधवार कुठी आला बे?” तो म्हणाला. “आजच्यापुरतीच परवानगी होती. पाव्हण्यायले दाखवाले.”

“कशी मिळाली?”

“काही नाई. साहेब वळखीचे आहेत. एक शब्द टाकला, झालं.”

एक शब्द. तो शब्द त्याच्या खिशात उन्हाळ्यापासून होता. माझ्या बाजारासाठी त्याने तो खर्चला नाही, पाहुण्यांच्या फोटोसाठी खर्चला. माझ्या डोक्यात सणक गेली. मी त्याचा दंड धरला आणि पाहुण्यांदेखत म्हणालो, “चल, या बाजारातल्या लोकायले तूच सांग.”

त्याने हळूच हात सोडवून घेतला. अंधार पडायच्या आत नाला ओलांडायला हवा, असं पाहुण्यांना सांगत तो जीपकडे गेला. गाड्या निघाल्या तेव्हा एका पाहुण्याने मला टाटा केला.

मग मीच सांगितलं. आधी झिंगेवाल्या बाईला, कारण पुढच्या बुधवारची गोष्ट तिनेच काढली होती. ती रिकामी टोपली डोक्यावर घेत होती, ती तिने परत खाली ठेवली.

“मंग आज काऊन बलावलं, भाऊ?”

ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. धुरळा अजून खाली बसला नव्हता, आणि मित्राचं नावगाव तिला ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. तिच्या दारात जाऊन बोलावणारा मीच होतो.